थोडीशी शुगर

युरोपच्या सहलीला निघालेल्या माणसाच्या हाती दोन पुस्तिका पडतात, एक सहलीची आणि एक विम्याची. पहिलीत आयफेल टॉवर, टिटलिसचा बर्फ आणि रोज रात्री भारतीय जेवण. दुसरीत त्याच पॅरिसमध्ये दाढ ठणकते, त्याच बर्फावर पाय मोडतो, बॅग भलत्याच देशात उतरते आणि अगदीच वेळ आली तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च मिळतो. पहिली पुस्तिका शेजाऱ्यांना दाखवायची आणि दुसरी न वाचता पासपोर्टाच्या पाकिटात सरकवायची, असा रिवाज आहे. मला दुसरीच जास्त वाचनीय वाटते. पहिलीत कुणाला कधी काही होतच नाही.

विमा ‘निवडायचा’ म्हणतात, पण निवडीला तसा फारसा वाव नसतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतंच. त्यामुळे आपण विमा घेतो तो वकिलातीच्या समाधानासाठी. ‘सगळ्यात स्वस्त कुठला?’ एवढंच एजंटला विचारायचं. आजारी पडायचा आपला बेत नसतो; सहलीचे इतके पैसे भरल्यावर तो परवडणारही नाही.

या धंद्याचा भूगोल वेगळा आहे. शाळेत शिकवलेले खंड इथे चालत नाहीत. इथे जगाचे मुख्य भाग दोन, ‘संपूर्ण जग’ आणि ‘अमेरिका-कॅनडा वगळून जग’. पहिल्याचा हप्ता जास्त, कारण अमेरिकेतल्या इस्पितळांची बिलं. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आजी-आजोबांना हे कळतं, तेव्हा पोरगं जर्मनीला गेलं असतं तर काय बिघडलं असतं, असा विचार मनात येऊन जातो. त्यात वयाचा तक्ता. साठी ओलांडली की हप्ता टुणकन वर उडी मारतो. रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती तेव्हा याच वयाचं आपल्याला कौतुक वाटायचं.

रेल्वेवरून आठवलं. प्रवासाचा विमा आगगाडीच्या तिकिटाबरोबर विकायची युक्ती इंग्लंडात १८४९ साली निघाली. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने तीन पेनी भरले तर हजार पौंडांचा विमा, दुसऱ्याला दोन पेनीत पाचशेचा, तिसऱ्याला एका पेनीत दोनशेचा. एकाच गाडीला एकच अपघात, पण डबा बघून माणसाची किंमत. आपल्या रेल्वेचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांत १० लाखांचं संरक्षण, आणि स्लीपरला जेवढं तेवढंच एसी फर्स्टला. (वेटिंगवाल्यांना नाही. पण वेटिंगवाल्यांना काय आहे?) त्या चौकोनात टिचकी मारताना ‘हे ४५ पैसे कशाला?’ म्हणून थबकणारे लोक मी पाहिलेत. हेच लोक स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्याला ‘ठेव वरचे’ म्हणतात.

परदेशी विम्याच्या अटीही वाचण्यासारख्या असतात. पहिले पन्नास-शंभर डॉलर बहुतेकदा आपले आपणच सोसायचे. बॅग उशिरा आली तर ठरावीक तास उलटल्यावर टूथब्रश आणि कपड्यांचे पैसे मिळतात. मात्र भारतात परतताना बॅग रखडली तर बहुतेक कंपन्या काही देत नाहीत. घरी दुसरा टूथब्रश असेलच, हा त्यांचा हिशेब मला बिनतोड वाटतो.

खरी परीक्षा असते ती ‘सध्या असलेले आजार’ या रकान्याची. एरवी आपल्याकडे आजार ही मिरवायची गोष्ट. सकाळी बागेतल्या बाकावर कुणी ‘माझं बीपी एकशेसाठ’ म्हणालं की दुसरा लगेच स्टेंटवर येतो. पण फॉर्म पुढ्यात आला की तीच मंडळी लग्नाच्या स्थळासारखी निरोगी, निर्व्यसनी होतात. ‘थोडीशी शुगर आहे, पण ती काय कुणालाही असते’ म्हणत ‘नाही’वर खूण होते. हा मात्र शुद्ध अडाणीपणा. बहुतेक पॉलिसींत जुन्या आजाराला जिवावर बेतलं तरच, आणि मर्यादेतच, पैसे मिळतात. लपवलेला असेल तर तेवढ्यालाही मुकायचं. थोडीशी शुगर व्हिएन्नाच्या केकपुढे थोडीशी राहत नाही आणि तिथल्या डॉक्टरला आपली गोळ्यांची पट्टी दाखवावीच लागते.

आमच्या घरी यावर बराच खल झाला.

“अहो, तुमचं बीपी लिहिलंत का?”

“गोळीने नॉर्मल असतं ते.”

“मग माझं थायरॉइडही गोळीने नॉर्मलच असतं!”

शेवटी ठरलं, एकमेकांचे फॉर्म भरायचे. यापेक्षा प्रामाणिक पद्धत कुठल्याही कंपनीला सुचलेली नाही. तिचा फॉर्म मी दोन ओळींत संपवला. माझा भरताना तिने जादा कागद मागितला. बीपी, पित्त, डावा गुडघा, शिवाय ‘ऐकू येतं पण ऐकत नाहीत’. तळाशी घोरणं.

एजंटने ते शेवटचं खोडलं. “काकू, याचा त्रास काकांना नाही, तुम्हाला आहे. क्लेम तुम्हाला करावा लागेल.”

“मग माझ्या फॉर्मात घाला,” ती म्हणाली, “जुना आजार म्हणून.”