टीआरपी, आमच्या अरुंधतीचा हिशेब दे

टीआरपी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालायची आपल्याकडे रीत आहे. तुला मी घालणार नाही. ३० नोव्हेंबर २०२४ला 'आई कुठे काय करते' संपली आणि जवळजवळ पाच वर्षं आमच्या घरात येणाऱ्या अरुंधतीचा निरोप घेताना ज्याच्याशी मला भांडायचं आहे, तो तूच आहेस.

मालिका संपली याचं भांडण नाही. 'चार दिवस सासूचे'सारखी तीन हजारांहून जास्त भागांची मालिकाही २०१३मध्ये संपलीच. भांडण आहे ते तू आमच्या मालिकेचं जे केलंस त्याचं.

डिसेंबर २०१९ला ती सुरू झाली तेव्हा तिची कथा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून आलेली होती. त्याच कथेवरून पुढे हिंदीत 'अनुपमा' झाली. पण मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती कुणाची नक्कल वाटली नाही. 'समृद्धी' बंगल्यात सासू-सासरे, नवरा आणि तीन मुलांच्या वेळा सांभाळण्यात जिचं आयुष्य गेलं, ती बाई आम्ही जन्मापासून ओळखत होतो. मिलिंद गवळींच्या अनिरुद्धवर आम्ही मनापासून चिडायचो, कारण बायकोला गृहीत धरणारे तसले दोन-तीन पुरुष प्रत्येकाच्या नात्यात होते. नवऱ्याचं संजनाशी असलेलं नातं कळल्यावर अरुंधती कोलमडली, पण घटस्फोट घेऊन उभी राहिली, घर सोडलं, गाण्याकडे वळली. मुलं मोठी झालेली असताना तिने आशुतोष केळकरशी लग्न केलं. संध्याकाळी साडेसातला, सासू आणि सून एकाच सोफ्यावर बसलेल्या असताना, मराठी घरांनी हे लग्न पाहिलं! आमच्याकडे त्यावर कडाक्याचे वाद झाले. या वयात लग्न कशाला, असं मावशीचं म्हणणं. आई बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "का नको?" आईने अशा विषयावर मत दिलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हे त्या मालिकेने केलं.

आणि तू काय केलंस?

दर आठवड्याला तुझे आकडे येतात. देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांत मीटर बसवलेले, त्यांच्यावरून कोट्यवधी घरांची आवड ठरते. ओटा पुसून, सगळे झोपल्यावर मोबाइलवर आजचा भाग लावणारी बाई तुझ्या खिजगणतीत नाही. आईच्या कामाची घरात कुणी दखलच घेत नाही, या दुखण्यावर उभी राहिलेली मालिका तू असल्या मापाने मोजलीस. लाज वाटली नाही?

मार्च २०२४मध्ये तिची साडेसातची जागा नव्या मालिकेला गेली आणि ती दुपारी अडीचला आली. दुपारी अडीचला अरुंधतीच्या बायका कुठे असतात, हे तुला कधी विचारावंसं वाटलं? त्या बँकेच्या काउंटरवर असतात, शाळेच्या वर्गात असतात, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत असतात. ज्या मालिकेने बायकांना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं बळ दिलं, तिला तू नेमक्या त्या बायका पाहू शकणार नाहीत अशा वेळेत नेऊन बसवलंस. आमची आई निवृत्त झाली होती म्हणून तिला बघता आली. तिच्याबरोबर बघायला मात्र कुणी उरलं नाही.

आशुतोषचा मृत्यू मी तुझ्याच खात्यावर लिहिते. इतक्या कष्टाने मिळालेलं सुख एका अपघातात संपवलं आणि अरुंधतीला पुन्हा दुःखाच्या दारात उभं केलं, कारण सुखी बाईवर आकडे येत नाहीत अशी समजूत तू या धंद्यात रुजवली आहेस. नवा धक्का, नवं संकट, नवं कारस्थान, हे सगळं तुझ्या भुकेसाठी. शेवटच्या वर्षात आम्ही मालिका बघत होतो ती मधुराणीताईंसाठी आणि त्या सगळ्या कलाकारांसाठी. शूटिंगचे दिवसच्या दिवस आणि लॉकडाऊनची वर्षं पार करत त्यांनी हा डोलारा शेवटपर्यंत पेलला. त्यांचे आभार मानते.

तुझ्याबद्दल माझा निकाल साधा आहे. ही मालिका अरुंधती आणि आशुतोषच्या लग्नावर, साडेसातच्या वेळेत, भरल्या घरात संपायला हवी होती. तिथे संपली नाही, याचा दोष तुझा आहे.