स्कोअर दाखवणार की झाकणार?

ऐकलंत का? न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींत हल्ली ‘किती मार्क पडले?’ असं कुणी विचारतच नाही. विचारतात, ‘कॉलेजांना स्कोअर पाठवताय का?’ काय हा काळ! ज्या समाजाने दहावीच्या टक्क्यांचे पेढे वाटले आणि चौकाचौकात फ्लेक्स लावले, त्याच समाजातले आईबाप आता लेकीचे अमेरिकन कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेतले १६०० पैकी १४६० चोरीच्या मालासारखे दडवून ठेवतात!

परवा गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एक वहिनी दुसरीच्या कानाला लागल्या होत्या. ‘१४६०? अगं, अजिबात पाठवू नकोस! तिथे १५०० पासून पुढेच सुरुवात आहे.’ झालं! मसालेभाताची वाटी तशीच हातात राहिली. हा ‘१५००’ येतो कुठून? प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे स्कोअर किती ते किती, हे कॉलेजं जाहीर करतात. आमच्या घरोघरी त्याची एक्सेल शीट झाली आहे आणि तिला रंगही दिलेत.

त्याहून मोठं आक्रित म्हणजे सुपरस्कोअर. समजा, एका पोरीला ऑगस्टमध्ये भाषेत ७२०, गणितात ७००. ऑक्टोबरमध्ये भाषेत ६८०, गणितात ७८०. मग बरीच कॉलेजं दोन्हींतलं चांगलं तेवढं उचलतात आणि होतात १५००! असा पेपर त्या पोरीने एका दिवशी कधी दिलाच नव्हता, पण स्कोअर तिचाच. आमच्या वेळी बोर्डाने अशी सोय केली असती तर निम्मा महाराष्ट्र मेरिट लिस्टमध्ये असता!

बरं, कॉलेजांचं तरी एक मत असावं? जॉर्जटाउन म्हणतं, जितक्यांदा परीक्षा दिलीत तितके सगळे स्कोअर आणा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणते, आणलेत तरी प्रवेशासाठी बघणार नाही. बोडन कॉलेजने तर १९६९ पासूनच स्कोअर ऐच्छिक ठेवलेत. कोविडमध्ये परीक्षा केंद्रं बंद पडली आणि बाकीच्या बऱ्याच कॉलेजांनीही तोच कित्ता गिरवला.

इथेच खरी गंमत झाली. चांगले स्कोअर तेवढे पोचू लागले, त्यामुळे जाहीर होणारे आकडे वर सरकले. ते बघून आणखी पोरं घाबरली आणि त्यांनीही आपले स्कोअर लपवले. आकडे पुन्हा वर! म्हणजे ज्या १५०० ला वहिनी घाबरतात, तो वहिनींसारख्यांनीच वाढवून ठेवलाय.

शेवटी काही कॉलेजंच कंटाळली. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षेची सक्ती परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डनेही तेच केलं. येलने एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी, यांतल्या एखाद्या परीक्षेचे स्कोअर हवेतच असं सांगितलं. डार्टमथच्या अभ्यासात तर असं दिसलं की, गरीब घरांतली काही मुलं जे स्कोअर लपवत होती, ते पाठवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता. त्यांच्या शाळेशी आणि परिस्थितीशी तुलना करूनच तो आकडा वाचला जातो. म्हणजे ज्यांनी दाखवायला हवे होते, त्यांनीच झाकले. आता बोला!

तेव्हा कुजबुज पुरे. प्रत्येक कॉलेजचा यंदाचा नियम त्याच्याच संकेतस्थळावर वाचा, मागच्या वर्षीच्या ताईदादांना विचारू नका. सक्ती असेल तर प्रश्नच मिटला. ऐच्छिक असेल आणि आकडा त्यांच्या मधल्या पट्ट्यात असेल, तर बिनधास्त पाठवा. शाळा साधी असेल तर थोडा खालचाही पाठवा. फारच खाली असेल तर ठेवून द्या, त्यात अब्रू जात नाही. आणि काय ते लवकर ठरवा, कारण बऱ्याच कॉलेजांच्या पहिल्या फेरीची मुदत १ नोव्हेंबरला संपते.