विकत घेतलेली शिंक

कोपऱ्यावरच्या पोरांच्या बुलेटचे फटाके ऐकून ‘काय हा थिल्लरपणा’ म्हणायचं आणि आपल्या गाडीने गिअर बदलताना ‘फिश्श’ करावं म्हणून महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे मोजायचे, हे पन्नाशीतल्या माणसालाच जमतं. माझ्याकडे जुनी ऑक्टेव्हिया आरएस आहे. १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, १५० पीएस. हे आकडे मी न विचारता सांगतो.

हा ‘फिश्श’ काढणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गरज तशी खरी. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेत हवा दाबून इंजिनात कोंबत असतो आणि आपण मध्येच ॲक्सिलरेटर सोडतो. थ्रॉटल मिटतो, दाबलेली हवा उलटी फिरून पंख्यावरच आदळते. तिला वाट करून द्यावी लागते. कंपनीने ती दिलेलीच असते. मूळचा व्हॉल्व्ह ही हवा टर्बोच्या आधीच्या नळीत गुपचूप परत सोडतो. माझा राग त्या ‘गुपचूप’वर. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं, ते धुराबरोबर वाया जाणारी ऊर्जा कामाला लावण्यासाठी. सोसायटीच्या वॉचमनने मान वर करून बघावं, हा हेतू त्यात नसावा.

हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवणं सोपं. क्लॅम्प सोडवायचे, जुना काढायचा, नवा अडकवायचा, व्हॅक्यूमची बारीक नळी जोडायची आणि परतीच्या नळीला बूच मारायचं. पहिल्याच चकरेत गाडी शिंकली.

शिंकच ती. आमच्या घरात शिंकेला मान होता. आजोबा शिंकले की वाड्यातली कबुतरं उडत, आणि खालचे बिऱ्हाडकरू घड्याळ लावत, कारण तपकिरीची वेळ ठरलेली असे. काका शिंक अर्ध्यावर अडवून धरत आणि सगळे पुढच्या अर्ध्याची वाट बघत ताटकळत. आम्हा पोरांच्या शिंकेला आजी ‘शतंजीव’ म्हणे. पण कुणी बाहेर निघताना तीच शिंक आली, की तिचा दर्जा एकदम घसरे. मग परत या, बसा, घोटभर पाणी प्या. एका मामाचं बसस्टँडवर पोचणं केवळ आमच्या सर्दीमुळे दोनदा हुकलं. आता शेजारच्या काकू माझी गाडी गेटातून दुसऱ्या गिअरमध्ये पडली की बाल्कनीतून ओरडतात, “अहो, थांबा जरा!” मी थांबतो. वाद घालायचा तर टर्बो समजावून सांगावा लागेल, आणि ते मला आवडतं हे त्यांना ठाऊक आहे.

पण माशी शिंकली ती आयडलवर. सिग्नलला उभी राहिली की गाडी डोलायची, मध्येच बंद पडायची. व्हॉल्व्हच्या डोक्यावर स्प्रिंगचा स्क्रू असतो. तो आवळला की शिंकेऐवजी घोड्यासारखी फुरफुर, म्हणजे हवा पुन्हा पंख्यावर. सैल केला की आयडल गेलं. पार्किंगमध्ये ॲलन की घेऊन मी पावपाव फेरा देत बसलो होतो, तेव्हा बाबा खाली आले.

बाबांनी कारखान्यात आयुष्यभर इंजिनं तपासली. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचे. खरं तर ही शिंक त्यांनी ऐकावी, एवढीच माझी हौस होती. मी रेस देऊन सोडली.

“ऐकलंत?”

“काय?”

वरच्या पट्टीतले आवाज त्यांचे केव्हाच गेलेत. स, श, फ ही अक्षरं आधी जातात, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते ठाऊक असूनही मी घरात तेच वाक्य नुसतं मोठ्याने बोलतो. गेलेलं अक्षर ओरडून परत येत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो फक्त माझा वैताग. आणि गाडीने काढावा म्हणून मी पैसे मोजले, तोही नेमका ‘श’.

त्यांनी आयडलला व्हॉल्व्हच्या तोंडाशी तळहात धरला.

“आत ओढतोय. आवळ.”

मी आवळला.

“अजून थोडा. बास. आता हात लावू नकोस.”

आयडल काट्यावर बसलं. मग त्यांनी विचारलं, इंजिनाला हवा किती आली हे कळतं कसं? मी फिल्टरजवळचा सेन्सर दाखवला.

“म्हणजे हवा इथे मोजतोस, पुढे निम्म्या वाटेत बाहेर सोडतोस, आणि पेट्रोल मोजलेल्या सगळ्या हवेचं पडतं. गिअर बदलताना काळा धूर येत असेल.”

येत होता.

“ती परतीची नळी लाव पुन्हा.”

“पण बाबा, मग आवाज जाईल.”

“कसला आवाज?”