राजघराण्यातलं बारसं: नवशिक्यांसाठी

अभिनंदन! लंडनच्या राजवाड्यात पाळणा हलतोय आणि नाव सुचवायचं काम तुमच्याकडे आलंय. मोबाइलवरची 'मुलामुलींची अर्थासह नावं' आधी बंद करा. इथे जेमतेम आठ-दहा नावं चालतात, आणि तीही सगळी वापरलेली.

१. थडगी वाचा. जॉर्ज, एडवर्ड, चार्ल्स, जे कोरलेलं दिसेल ते टिपून घ्या. त्या माणसाने हयातीत काय दिवे लावले, हे बघत बसू नका. पहिल्या चार्ल्सचं मुंडकं १६४९ साली प्रजेनेच उडवलं. १९४८ साली बाळाचं नाव चार्ल्सच ठेवलं की!

२. आईबापांना विचारू नका. १८१९ साली एका मुलीच्या आईबापांनी हौसेने नावं काढली होती. काका तेव्हा राज्याचा कारभारी. त्याने ती नावं नाकारली आणि ऐन बाप्तिस्म्याच्या वेळी फर्मावलं: रशियाच्या झारवरून अलेक्झांड्रिना. आणखी एक हवंच असेल तर आईचं लावा, पण झारच्या मागे! आईला रडू कोसळलं. (वाईट वाटतं हो, पण काकापुढे कोण बोलणार?) ते मागे लावलेलं नाव म्हणजे व्हिक्टोरिया.

३. पणजीची तिथी सांभाळा. हीच व्हिक्टोरिया पुढे पणजी झाली. १८९५ साली पणतू जन्मला तो नेमका १४ डिसेंबरला, तिच्या नवऱ्याच्या, अल्बर्टच्या पुण्यतिथीला. आता काय करायचं? अल्बर्ट ठेवायचं आणि मोकळं व्हायचं.

४. नावं भरपूर ठेवा, हाक भलतीच मारा. आठव्या एडवर्डला सात नावं होती. त्यांत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स अशा चारही मुलखांचे संत बसवले होते, कुणी रुसायला नको म्हणून. घरी तो डेव्हिड. १९३६ साली तो चारही संतांना टाकून प्रेयसीकडे निघून गेला आणि वर सांगितलेला पणतू अल्बर्ट गादीवर बसला. बसताना त्याने नाव घेतलं जॉर्ज. परळच्या केईएममधला 'ई' म्हणजे सातवा एडवर्ड. तोही मुळात अल्बर्ट, घरचा बर्टी. घोळ होतोय? होऊ द्या. १९८१ साली डायनाने भर लग्नात नवऱ्याच्या नावांची उलटापालट केली, तरी लग्न लागलं.

५. लगेच सांगू नका. विल्यमच्या वेळी आठवडा गेला, लुईच्या वेळी चार दिवस. तेवढ्यात सट्टेवाल्यांचा धंदा होतो. २०१३ साली त्यांच्याकडे जॉर्ज आघाडीवर होता आणि जॉर्जच निघाला. नाव ऐकून कुणी "अय्या, नवीनच आहे!" म्हणालं, तर समजा तुमचं चुकलंय. पुन्हा थडग्यांकडे जा.