बाईसाहेब, आपले खाते कोणते?

प्रति,
मा. मदतनीस टी-पेशी (सीडी-४),
मुक्काम लसिकाग्रंथी, काख.

विषय : एकाच जंतूबाबत एकाच घरात दोन निकाल दिल्याबद्दल.
संदर्भ : दोन भावांचे कान.

महोदया,

अर्ज करतो की, मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून पस्तीस वर्षे गावोगाव फिरलो. लोकांना शर्ट काढायला लावला, डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनच्या टोकाने पाठीला स्पर्श करून विचारले, "कुठे लागलं? बोट ठेवा." ज्याचे बोट चुकले त्याच्या घरी पुन्हा गेलो. आपण मला ओळखत नाही. चालायचेच, साहेबलोक कारकुनाला ओळखत नसतात.

तक्रार अशी. दोन भाऊ, चूल एक, झोपायची ओसरी एक. थोरल्याच्या पाठीवर एकच फिकट चट्टा, कडा उठावदार, आत स्पर्श नाही. धाकट्याच्या अंगावर म्हणावा असा चट्टाच नाही, पण चेहरा तेल लावल्यासारखा चकचकीत, कानाच्या पाळ्या जाड, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. दोघांच्या कानाची पाळी चिमटीत दाबून ब्लेडने बारीक चीर दिली, रस काचपट्टीवर घेतला, रंगवला. थोरल्याच्या पट्टीत काही नाही. धाकट्याच्या पट्टीत लाल काड्याच काड्या, विड्यांचे कट्टे बांधून ठेवावेत तशा. जंतू एकच, हॅन्सनने १८७३ साली पाहिलेला. मग रोगाची रूपे दोन कशी? चौकशी केली तेव्हा आपले नाव निघाले.

आपली नेमणूक कशी होते ते मी नंतर वाचून काढले. थायमसमधून बाहेर पडता तेव्हा आपण नुसत्या उमेदवार असता, खाते मिळालेले नसते. मग एक डेंड्रायटिक पेशी, म्हणजे आपली खबरी, जंतूचा तुकडा घेऊन गाठीत येते आणि आपल्याला दाखवते. तिने सोबत इंटरल्यूकिन-१२ सोडले की आपण टीएच-१ खात्यात. आजूबाजूला इंटरल्यूकिन-४ असले की टीएच-२ खात्यात. परीक्षा नाही, मुलाखत नाही, चार-पाच दिवसांत एकीच्या हजारो होतात आणि सगळ्या त्याच खात्यात! हा प्रकार टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ साली उंदरांच्या पेशींत उघडकीस आणला. माणसात खात्यांच्या हद्दी इतक्या काटेकोर नाहीत, आणि पुढे आणखीही खाती निघाली. सरकार म्हटले की खाती वाढायचीच.

आता दप्तराबद्दल. सुमारे वीस हजार जनुके, दोन मीटर लांबीचा धागा, तो ठेवायला काही मायक्रॉनची खोली. ही गुंडाळणी आमच्या अभिलेख कक्षाला कधी जमली नसती, हे कबूल करतो. धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर चढवलेला असतो. उमेदवारीच्या काळात गॅमा इंटरफेरॉनची फाइल आपल्यापाशी असते, इंटरल्यूकिन-४ चीही असते. टीएच-१ मध्ये गेलात की टी-बेट नावाचे हेडक्लार्क येतात आणि पहिल्या फाइलची गाठ सोडतात. टीएच-२ मध्ये गाटा-३ येतात, ते दुसरी सोडतात. हे दोघे एकमेकांचे काम बंद पाडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दोन हेडक्लार्कांचे पटलेले मी कुठेच पाहिलेले नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. नको असलेल्या फाइलवर मिथाइलचे शिक्के मारायचे, रीळ आवळून टाकायचे, आणि पेशी दुभंगली की लेकीच्या दप्तरातही तेच शिक्के! एक अक्षर खोडलेले नाही, पान फाडलेले नाही, फाइल जागच्या जागी आहे, फक्त उघडत नाही. माहितीच्या अधिकारात अशी उत्तरे मला आली आहेत.

थोरल्याच्या अंगात आपण टीएच-१ कडे झुकलात. गॅमा इंटरफेरॉन सुटले, जंतू गिळून बसलेल्या मॅक्रोफेजला हुकूम मिळाला, तिने पोटातला जंतू मारला. शाबास! पण हा जंतू नसेच्या वेष्टनातही घर करतो. तिथे आपण अतिक्रमण हटवायला गेलात आणि भिंती पाडून आलात. कोपरामागची नस दोरीसारखी जाड झाली, करंगळी वाकली. धाकट्याकडे उलटा प्रकार, कल टीएच-२ कडे. अँटिबॉडींचा नुसता पाऊस. जंतू पेशीच्या आत, अँटिबॉडी बाहेर. म्हणजे आतून कडी लावलेल्या दारावर नोटिसा डकवणे. १९९१ साली रुग्णांच्या त्वचेचे तुकडे तपासले तेव्हा थोरल्याच्या टोकाच्या रोग्यांत गॅमा इंटरफेरॉनचा निरोप जास्त सापडला, धाकट्याच्या टोकाच्या रोग्यांत इंटरल्यूकिन-४ आणि १० चा. मधल्या अवस्थेचे तर विचारूच नका. औषध सुरू केले की कधी कधी आपल्याला एकदम जाग येते, जुने चट्टे लाल होऊन फुगतात, पाऊल लटके पडते. मग आपल्याला शांत करायला आम्ही प्रेडनिसोलोन घेऊन धावायचे.

आणि प्रतिपक्ष कोण? त्याचे दप्तर २००१ साली पूर्ण वाचून झाले. चालू जनुके सुमारे १,६००, आणि मोडीत निघालेली सुमारे १,१००. दुभंगायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. दीडशे वर्षांत प्रयोगशाळेच्या बशीत त्याने एकदाही वाढून दाखवलेले नाही. असला मोडकळीला आलेला ऐदी, आणि त्याच्यापुढे वीस हजार फाइलींचे आपले कार्यालय!

आपल्यातल्याच काही जणी फॉक्सपी-३ नावाच्या हेडक्लार्कच्या हाताखाली बाकीच्यांना आवरायचे काम करतात, असे कळते. त्या शोधासाठी मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले. वाचून बरे वाटले. आमच्याकडे आवरणाऱ्याची बदली होते.

एक मात्र मान्य करतो. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांचे हा जंतू काही बिघडवू शकत नाही, आणि त्यात आपला मोठा हात आहे. त्यांच्याकडून आभाराचे पत्र आले नसेल, कारण आपण काही केले हे त्यांना कळतच नाही. आमच्याकडे येतात ते उरलेले पाच.

धाकट्याने बारा महिने गोळ्या घेतल्या. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडली, बाजारात लोक वळून बघत, पुढे रंग उतरला. तो बरा आहे. थोरल्याचे औषध सहा महिन्यांत संपले. त्याचा चट्टा गेला, करंगळी वाकलेलीच आहे. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरतो. या करंगळीबाबत आपले म्हणणे काय, ते कळवावे.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ

प्रत माहितीस्तव : अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असलेल्या वाचकांस. तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. करंगळी वाकायच्या आत या.