वेव्हरराव

न्हावाशेव्यातून माल सोडवणाऱ्या व्यापाऱ्यांत एक नमुना हमखास भेटतो. वेव्हर म्हणजे माफी, म्हणून त्याला आपण वेव्हरराव म्हणू. हे वेव्हरराव मशीद बंदरात असतात, वाशीच्या मार्केटात असतात, भिवंडीच्या गोदामातही असतात. कुणी खजूर मागवतो, कुणी टाइल्स, कुणी प्लास्टिकचे दाणे. पण त्यांचा जीव रमतो तो शिपिंग लाइनला ‘काइंडली कन्सिडर’ असे लिहिण्यात. कंटेनर वेळेत न सुटल्याने चढलेले डिटेन्शन माफ करून घेणे, निदान निम्म्यावर आणणे, यात त्यांची हयात गेलेली असते. लोक त्यांना आळशी म्हणतात, आणि हा शुद्ध अन्याय आहे. लाइनच्या ऑफिसात तीन चकरा, सीएचएला, म्हणजे कस्टम्सच्या दलालाला, तासाला एक फोन, कुठल्याशा मॅनेजरच्या मेव्हण्याचा शोध, दिवाळीचा मिठाईचा डबा, एवढे राबणारा माणूस आळशी कसा? फरक एवढाच, की ते राबायला लागतात तेव्हा मीटर पडलेले असते. विलंबाचे पैसे वाचतात ते जहाज समुद्रात असताना. धक्क्यावर आल्यावर उरते ती फक्त घासाघीस. आणि वेव्हररावांचे प्रेम नेमके घासाघिशीवर आहे.

मीटर एक नाही, तीन आहेत. पहिले कस्टम्सचे. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टम्सकडचे विवरण, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचे असते. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000; म्हणजे नुसता पाच दिवसांचा आळस 35,000 ला पडतो. दुसरे मीटर जागेच्या भाड्याचे, बंदराचे किंवा सीएफएसचे, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर स्टेशनचे. तिसरे लाइनचे. ते फ्री डेज, म्हणजे बिनआकाराचे दिवस, संपल्यावर सुरू होते, टप्प्याटप्प्याने चढत जाते, बहुधा डॉलरमध्ये मोजले जाते आणि माल गोदामात उतरल्यावरही थांबत नाही. रिकामा कंटेनर, म्हणजे डबा, यार्डात परत गेला की मगच थांबते. वेव्हररावांना हे सगळे तोंडपाठ असते. मात्र फ्री डेज ही त्यांना काम उरकण्याची मुदत वाटत नाही, काम सुरू न करण्याची परवानगी वाटते. वास्तविक कायदा जहाज येण्याच्या 30 दिवस आधीपासून बिल ऑफ एंट्री भरू देतो. चीनहून निघालेले जहाज दोन-तीन आठवडे वाटेत असते. तेवढ्यात बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजाच्या मालपावतीचा, मसुदा तपासून नावातली चूक काढता येते, बँकेत अडकलेली मूळ कागदपत्रे हलवता येतात, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मंजुरीची तयारी होते, ड्यूटीचे पैसे बाजूला पडतात, ट्रेलर ठरतो. वेव्हररावांचे उत्तर ठरलेले: ‘लागू दे हो जहाज, मग बघू!’ वरात दारात आल्यावर मंडपवाल्याचा नंबर शोधणाऱ्या वधुपित्याला आपण जे म्हणू, ते त्यांना कुणी म्हणत नाही.

म्हणत नाही, कारण आपला हिशेबच तसा आहे. एक लाखाचे बिल साठ हजारांवर आणले, तर वेव्हरराव पेढीवर येऊन ‘चाळीस वाचवले’ असे जाहीर करतात. गेलेल्या साठ हजारांची नोंद ‘बंदराचा खर्च’ या सोज्ज्वळ नावाने होते. शेजारच्या पेढीवर बिलच आले नाही, तिथे जाहीर करण्यासारखे काही घडतच नाही. सुटलेला पैसा दिसतो, न गेलेला दिसत नाही. त्यात 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि जहाजवाहतूक महासंचालनालयाने लाइन्सना 22 मार्च ते 14 एप्रिल या काळाचे कंटेनर डिटेन्शन घेऊ नका असे कळवले. जगावर संकट कोसळले होते. वेव्हररावांना मात्र आपल्या तत्त्वज्ञानावर सरकारी शिक्का बसल्यासारखे वाटले. तेव्हापासून ट्रेलरचा टायर पंक्चर झाला तरी ते त्या आदेशाची प्रत जोडतात.

यावर त्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. तपासणी कस्टम्स लांबवते, यार्ड रिकामा डबा घेत नाही, सर्व्हर बसतो, मग भुर्दंड आम्हालाच का? प्रश्न रास्त आहे. पण 1995 साली ग्रँड स्लॅम इंटरनॅशनलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, चूक कस्टम्सची असली तरी माल सांभाळणाऱ्याचे पैसे आयातदारानेच द्यायचे, असा निकाल दिला. 2009 च्या सीमाशुल्क नियमावलीने कस्टम्सने अडवून ठेवलेल्या मालापुरता काही दिलासा दिला, तोही दाखला हातात असेल तर. अमेरिकेने 2022 मध्ये कायदा करून लाइन्सना बिलात ठरावीक तपशील देणे भाग पाडले. तो नसेल तर पैसे देण्याचे बंधन नाही. म्हणजे लाइन्सही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मात्र या प्रत्येक ठिकाणी जिंकतो तो, ज्याच्या फायलीत तारखा असतात: कागद कधी दिला, ट्रेलर कधी पाठवला, यार्डाने कधी परतवला. वेव्हररावांच्या फायलीत असतात ते फक्त मोबाइल नंबर. हक्काची माफी मागायलासुद्धा आधीच जागे असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. काही वेव्हरराव कानात सांगतात, ‘अहो, भाव पडलाय, गोदाम भरलंय, डबा बंदरात पडला तर बिघडलं काय?’ पहिल्या टप्प्यात हा सौदा कधीकधी परवडतोही. पण गोदामाचे भाडे सहसा ठरलेले असते, डिटेन्शन दर टप्प्याला चढते आणि भाव कधी उठेल हे लाइनला कुणी कळवत नाही. शिवाय 30 दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकण्याची मुभा सीमाशुल्क कायद्याचे 48 वे कलम देते. लहान व्यापाऱ्याकडे ड्यूटीचे पैसे वेळेवर नसतात, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय ऑर्डर देताना करायचा असतो: पैशांच्या तारखा पाहून माल थोडा मागवायचा आणि जादा फ्री डेज बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यायचे. भाडे ठरण्याआधी लाइनला गिऱ्हाईक हवे असते. नंतर गिऱ्हाइकाला लाइन हवी असते. घासाघिशीची एवढी हौस असलेला माणूस ती नेमकी स्वतःचे पारडे हलके झाल्यावर का करतो, हेच कोडे आहे.

कोड्याचे उत्तर अर्धे वेव्हररावांकडे आहे, अर्धे आपल्याकडे. आठ दिवस आधी बिल ऑफ एंट्री भरणाऱ्या, डबा तिसऱ्या दिवशी रिकामा करून यार्डाची पावती फायलीत लावणाऱ्या कारकुनाला पगारवाढ देताना मालक म्हणतो, ‘तुझ्याकडे तसं काही काम नसतंच.’ चाळीस हजार ‘सोडवून’ आणणाऱ्याला तोच मालक जेवायला नेतो. आणि मालकाला तरी का हसावे? या लेखालाही वेव्हररावच लागले. त्या कारकुनावर विनोदी व्यक्तिचित्र लिहायला घेतले, तर ते पहिल्या परिच्छेदातच माल सोडवून मोकळे होईल.