साखर सोडलेला गृहस्थ

साखर सोडलेला गृहस्थ धाराशिव जिल्ह्यात उमरग्यापासून परांड्यापर्यंत सगळीकडे आढळतो. वय पन्नाशीच्या पुढचं, खिशात गोळ्यांची पट्टी, आणि ओळख पटवायला एकच वाक्य : ‘‘आपल्याला बिनसाखरेचा. शुगर हाय.’’ हे वाक्य चहावाल्यापेक्षा आजूबाजूच्या चार जणांसाठी असतं. बिनसाखरेचा चहा उकळून येईपर्यंत समोरच्या बशीतली पाच-सहा बिस्किटं संपतात. ती मैद्याची असतात, त्यांत साखरही असते. पण ती दिसत नाही, आणि न दिसणारी साखर हा गृहस्थ हिशेबात धरत नाही.

त्याच्या लेखी मधुमेह म्हणजे साखरेचा आजार आणि साखर म्हणजे डब्यातला पांढरा दाणा. दाणा बंद की आजार बंद. प्रत्यक्षात भाकरी, भात, पोळी, बटाटा यांतल्या पिष्टाचं पचनात ग्लुकोज होतं, आणि ते रक्तात उतरलं की कोणत्या ताटातून आलं याची चौकशी शरीर करत बसत नाही. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 68 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. पाऊणशे ग्रॅम पिठाची एक ऐसपैस भाकरी म्हणजे 50 ग्रॅम कर्बोदकं. वजनाने पाहिलं तर दहा चमचे साखर. ज्वारीत तंतू असतात, ती मैद्यापेक्षा सावकाश पचते, ही भाकरीची बाजू खरी आहे. पण सावकाश म्हणजे फुकट नव्हे. गृहस्थ चहातला एक चमचा वाचवतो आणि कालवणात तीन भाकरी कुस्करतो, कारण ‘‘डॉक्टरनी ज्वारी खायला सांगितलंय.’’ किती खायची, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो दाराशी चपला शोधत होता.

गुळावर त्याची श्रद्धा अढळ असते. हा माणूस बहुधा स्वतः ऊस लावतो आणि कारखान्याच्या टोळीची वाट बघत बांधावर बसतो. एकाच फडातला ऊस कारखान्यात गेला तर विष आणि गुऱ्हाळात गेला तर औषध, असं त्याचं मत असतं. 100 ग्रॅम गुळात सुमारे 85 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि ती जवळजवळ सगळी साखरच. लोह असतं, पण ते अंगी लागेल इतका गूळ खाल्ला तर लोहाची काळजी करायची वेळच येणार नाही. मधाचंही तेच.

या श्रद्धेची खरी परीक्षा वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला होते. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर असा बेत पानात पडतो. गृहस्थ बसल्या बसल्या विचारतो, ‘‘सूनबाई, खीर गुळाची का साखरंची?’’ ‘‘गुळाचीच हाय मामा.’’ ‘‘मग वाढ की.’’ दुसऱ्यांदा तो विचारत नाही, नुसती वाटी पुढे करतो. उंडे बाजरीचे म्हणून तीन जातात, आंबील ताकातली म्हणून दोन तांबे. डाळी, ओले दाणे आणि पालेभाज्यांची भज्जी मात्र तो बेताने घेतो. साऱ्या पानात त्याने पोटभर खावी अशी तीच असते. कडधान्यातही कर्बोदकं असतात, पण सोबत प्रथिनं आणि तंतू असल्याने साखर झपाट्याने चढत नाही.

उपवासाचं गणित याहून सोपं असतं : जेवण नाही म्हणजे साखर नाही. नवरात्रातली साबुदाण्याची खिचडी या नियमात बसते. साबुदाणा हा बहुतांशी निव्वळ पिष्ट असतो, आणि खिचडीत बटाटाही पडतो. त्यातल्या त्यात भलेपणाने वागतो तो शेंगदाण्याचा कूट. कुंथलगिरीचा पेढा मात्र तो उपवासाला चालतो म्हणून नव्हे, तर पाहुण्यांचा मान राखायला म्हणून खातो. ‘‘एकानं काय होतंय?’’

याचीच एक सडपातळ पोटजात आहे. ‘‘आमच्यात कुणी जाड नाही, आम्हाला कशाची शुगर?’’ हे तिचं ब्रीद. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असं त्यात दिसलं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9 टक्के, याज्ञिकांची 21. बारीक दिसणाऱ्या अंगातही मधुमेहाला पोसणारी चरबी लपलेली असू शकते, ती अशी.

तपासणीच्या आधी गृहस्थ दोन दिवस अर्धपोटी राहतो आणि कारल्याचा रस पितो. उपाशीपोटीची साखर मग शहाण्यासारखी येते. पण एचबीए1सी नावाची तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यात येळवशीची खीरही येते. गृहस्थ लॅब बदलतो.

आश्विनी पौर्णिमेला तो अनवाणी तुळजापूरला निघतो. उपवास असतो, गोळी मात्र न चुकता घेतलेली असते. काही गोळ्या आणि इन्सुलिन, पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवतातच. वाटेत घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. साखर 70 च्या खाली गेल्याची ही लक्षणं. सोबतचे धावतात, कुणी साखरपाणी पुढे करतो, आणि जाणता कुणीतरी त्याचा हात धरतो : ‘‘अरे, शुगर हाय त्यांना! साखर कुठं देताय?’’ या घडीला तीन चमचे साखर पाण्यात ढवळून देणं हेच औषध असतं. पेढा देऊन भागत नाही; त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, नाही सावरला तर पुन्हा तेवढीच द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. सावरल्यावर अर्धी भाकरी खायला द्यायची आणि पायांत चप्पल घालायला लावायची. जुन्या मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी होते आणि फोड आल्याचं कळत नाही.